योजना फसली की राबवलीच गेली नाही?

कोणतीही सरकारी योजना जाहीर झाली की तिच्यामागून दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक उद्घाटनाचा फोटो आणि दुसरा तीन-चार वर्षांनी येणारा अहवाल. फोटो आम्ही वृत्तपत्रवाले मोठा छापतो, अहवालाच्या मात्र चार ओळी. मथळाही ठरलेलाच : ‘योजना यशस्वी’ नाहीतर ‘योजनेचा बोजवारा’. बोजवारा उडाला म्हणजे नेमके काय झाले, हे त्या चार ओळींत कधी येत नाही. मूळ कल्पनाच चुकीची होती का? की कल्पना चांगली होती, पण ती गावापर्यंत पोचलीच नाही? की पोचली, पण त्या गावच्या रीतीभातीत तिला जागाच नव्हती? दुखणी तीन, तिघांचे औषध वेगळे आणि अहवालात आकडा मात्र एकच.

हा वाद कागदावरचा नाही. ‘असर’ नावाची पाहणी २००५ पासून देशाच्या ग्रामीण भागात होत आली आहे. स्वयंसेवक घरोघर जातात आणि मुलासमोर एक कागद धरतात. त्यावर सुटी अक्षरे, साधे शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट असते. पाचवीत बसणाऱ्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांना ही दुसरीची गोष्ट वाचता येत नाही, हेच चित्र थोड्याफार फरकाने दर पाहणीत दिसत आले. ही मुले शाळेबाहेरची नव्हेत. ती पटावर आहेत, शाळेत येतात, दुपारची खिचडी खातात, आणि पाच वर्षे फळ्याकडे पाहूनही त्यांना वाचता येत नाही. यावर गेल्या दोन तपांत एक उपाय वेगवेगळ्या राज्यांत करून पाहिला गेला. तो कुठे फळला, कुठे जागच्या जागी करपला. उपाय एकच असल्यामुळे या उदाहरणातून जे कळते, ते दहा वेगवेगळ्या योजनांचे अहवाल चाळूनही कळणार नाही.

या कथेची सुरुवात मुंबई आणि बडोद्याची आहे. बडोद्याला असे प्रयोग नवे नाहीत. सयाजीराव महाराजांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण एकदम साऱ्या संस्थानावर लादले नाही. १८९३ साली ते अमरेली भागात करून पाहिले आणि १९०६ साली सगळ्या संस्थानाला लागू केले. मध्ये तेरा वर्षे गेली. आजच्या मंत्र्यांना तेरा आठवडेही थांबवत नाही, पण ते असो.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून १९९० च्या दशकात ‘प्रथम’ ही संस्था उभी राहिली. तिने ‘बालसखी’ नावाचा उपक्रम काढला. त्याच वस्तीतली, शालेय शिक्षण पुरे केलेली एखादी मुलगी निवडायची, तिला दोनेक आठवडे शिकवून तयार करायचे आणि तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास तिच्या हवाली करायची. मानधन महिना पाचशे ते साडेसातशे रुपये. तिने पाठ्यपुस्तक पुढे रेटायचे नाही. मूल जिथे अडले असेल तिथून उचलायचे : अक्षर येत नसेल तर अक्षर, शब्द येत नसेल तर शब्द.

हा उपक्रम खरोखर उपयोगी आहे का, हे २००१ ते २००३ या काळात तपासण्यात आले. तपासणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे पुढे २०१९ साली नोबेल मिळवणारे दोन अर्थशास्त्रज्ञ होते. तपासण्याची रीत सोपी आणि चोख होती. बडोद्यातल्या महापालिकेच्या शाळांत चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निवड करून काही शाळांत तिसरीला बालसखी दिली आणि बाकीच्या शाळांत चौथीला. म्हणजे इथली तिसरी आणि तिथली तिसरी यांची सरळ तुलना करता येते, आणि कोणतीच शाळा रिकाम्या हाताने राहत नाही. मुलांचे गुण वाढले आणि सर्वात जास्त वाढले ते सर्वात मागे असलेल्या मुलांचे. गंमत म्हणजे, ही मुले बाहेर गेल्यामुळे वर्गातली गर्दी कमी झाली, तरी मागे उरलेल्या मुलांत मोजण्याजोगा फरक पडला नाही. पट कमी केला की शिक्षण आपोआप सुधारते असे मानणाऱ्यांनी यावर थोडा विचार करायला हवा.

इथपर्यंत कथा गोड आहे. एखाद्या राज्याचा शिक्षणमंत्री हा निष्कर्ष हाती घेऊन म्हणू शकला असता, ‘पद्धत सिद्ध झाली, उद्यापासून सगळ्या शाळांत लागू.’ अशाच घाईने आपल्याकडे कितीतरी योजना लागू झालेल्या आहेत. सुदैवाने ‘प्रथम’ने आणि संशोधकांनी तसे केले नाही. ही पद्धत शहराबाहेर, दुसऱ्या माणसांच्या हाती दिली तर काय होते, हे ते पाहत राहिले.

२००५-०६ च्या सुमारास उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात गावोगाव सभा घेतल्या गेल्या. सरकारी नियमाप्रमाणे प्रत्येक गावात शिक्षण समिती असायला हवी, आणि कागदावर ती होतीही. चौकशी केल्यावर कळले की बहुतेक पालकांना अशी समिती आहे हेच ठाऊक नव्हते. समितीच्या काही सदस्यांना तर आपण सदस्य आहोत याचाही पत्ता नव्हता! (आमच्या वाचकांपैकी कितीजणांना आपल्या गावच्या शाळेच्या समितीतली नावे सांगता येतील?) सभा झाल्या, माहिती दिली, मुलांची प्रगती गावकऱ्यांना दाखवली. शाळेत काही हलले नाही. ज्या गावांत तरुण स्वयंसेवकांना वाचन शिकवण्याचे तंत्र देऊन संध्याकाळचे वर्ग सुरू केले, तिथे मात्र त्या वर्गांना आलेली मुले भराभर वाचू लागली. अडचण एवढीच, की गावातली जेमतेम आठ टक्के मुले त्या वर्गांना आली. औषध गुणकारी, पण घेणारे मोजके. हिशेब साऱ्या गावाचा मांडला तर आकडा लहान दिसतो आणि आलेल्या मुलांचा मांडला तर मोठा. दोन्ही आकडे खरे. कोणता छापायचा, त्यावर मथळा ठरतो.

आमच्या मते या सगळ्या कथेतला सर्वात बोलका भाग बिहारचा आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

पश्चिम चंपारणमध्ये २००८ च्या उन्हाळी सुटीत सरकारी शिक्षकांनीच महिनाभराचे वाचनवर्ग घेतले. त्यासाठी त्यांना जादा मानधन होते, ‘प्रथम’चे प्रशिक्षण होते आणि मदतीला गावातले स्वयंसेवक. मुलांच्या वाचनात एका महिन्यात सुधारणा दिसली. पुढे शाळा सुरू झाली. तीच पद्धत, तेच साहित्य आणि तसेच प्रशिक्षण घेतलेले सरकारी शिक्षक असताना वर्षभराच्या शाळेत फरक जवळजवळ शून्य. जिथे स्वयंसेवक शाळेच्या वेळेबाहेर वेगळे वर्ग घेत राहिले, तिथेच तेवढी प्रगती झाली. उत्तराखंडात स्वयंसेवक दिले, तर शाळांनी त्यांना सामावून घेतले. म्हणजे त्यांना नेहमीच्या शिक्षकाच्या जागी नेहमीचाच वर्ग सांभाळायला लावला. तिथेही निकाल शून्य.

आता कल्पना करा की एका मूल्यमापकाने फक्त उन्हाळ्यातले वर्ग पाहिले आणि दुसऱ्याने फक्त शाळेचे वर्ष. पहिला लिहील : पद्धत उत्तम, शिक्षक सक्षम, त्वरित लागू करावी. दुसरा लिहील : पद्धत निरुपयोगी, खर्च बंद करावा. दोघांचेही आकडे बिनचूक, दोघेही प्रामाणिक, आणि दोघांचाही निष्कर्ष चुकीचा. शिक्षकांना शिकवता येत होते, हे उन्हाळ्याने दाखवून दिले होते. मग जूननंतर ते कुठे गेले?

ते ‘पोर्शन’ पुरा करायला गेले. आपल्याकडे शिक्षकाला जाब विचारला जातो तो अभ्यासक्रम कुठवर आला याचा. पाचवीचे पुस्तक मार्चपर्यंत संपले पाहिजे. वर्गातल्या अर्ध्या मुलांना ते पुस्तक वाचताच येत नाही, हे कुठल्या तपासणीत विचारले जात नाही. उन्हाळ्यात पोर्शन नव्हता. वर्गात आलेल्या मुलाला वाचायला शिकवणे एवढेच काम होते, म्हणून शिक्षकाने तेच केले. शाळा सुरू होताच नवे साहित्य कपाटात गेले आणि जुने वेळापत्रक भिंतीवर आले. यात गुरुजींना दोष देण्याची फॅशन आहे, पण दोन धन्यांची चाकरी करायला सांगितले तर माणूस पगारपत्रकावर सही करणाऱ्याचेच ऐकतो.

हे ओळखून हरयाणात २०१२-१३ मध्ये वेगळी तजवीज झाली. कुरुक्षेत्र आणि महेंद्रगढ या दोन जिल्ह्यांतल्या चारशे शाळा अभ्यासासाठी घेतल्या. ज्या शाळांत उपक्रम राबवायचा, तिथे रोजचा एक तास फक्त वाचनासाठी राखून ठेवला. त्या तासाला इयत्ता मोडायची आणि मुलांना वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवायचे. शिवाय शाळांवर देखरेख करणाऱ्या तालुका पातळीवरच्या कर्मचाऱ्यांनाही प्रशिक्षण दिले, आणि त्यांना आधी पंधरा-वीस दिवस स्वतः वर्ग घ्यायला लावले. आम्हाला ही कलम फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे साहेब शाळेत येणार म्हटले की अंगण झाडले जाते, तक्ते टांगले जातात, हुशार मुले पहिल्या बाकावर येतात, आणि साहेब चहा घेऊन शेरा लिहून जातात. ज्याने स्वतः महिना-अर्धा महिना मुलांना अक्षरे शिकवली आहेत, त्याच्या डोळ्यांत अशी धूळ सहजासहजी फेकता येत नाही. हरयाणात हिंदी वाचनात सुधारणा झाली. ती डोळे दिपवणारी नव्हती, पण सरकारी शिक्षकांच्या हातून, शाळेच्या वेळेत, चालू वर्षात झालेली होती.

त्याच राज्यात त्याच सुमारास दुसराही एक उपक्रम तपासला गेला, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा. शिक्षण हक्क कायद्याने आणलेली ही पद्धत आपल्याकडच्या शिक्षकांना नव्याने सांगायला नको. तिचे रकाने भरताना अनेकांचे चष्म्याचे नंबर वाढले असतील. मुलांच्या गुणांवर तिचा काही परिणाम आढळला नाही. कल्पना वाईट नव्हती. मूल कुठे अडते ते रोज पाहावे, यात वाईट काय? पण पाहणे राहिले आणि नोंदी भरणे उरले.

आणि जिथे सरकारी यंत्रणेची एवढी साथ मिळण्याची आशा नव्हती, त्या उत्तर प्रदेशात? सीतापूर आणि उन्नाव जिल्ह्यांत २०१३-१४ मध्ये ‘प्रथम’ने शिक्षकांवर भिस्त ठेवली नाही. तिचे कार्यकर्ते शाळेच्याच वेळात, शाळेच्याच आवारात, दहा किंवा वीस दिवसांची शिबिरे घेत. मदतीला गावातले स्वयंसेवक. उन्हाळ्याचे दिवस धरून वर्षाकाठी सगळे मिळून पन्नास दिवस. वाढ हरयाणाच्या चौपट किंवा त्याहून थोडी जास्त. शिबिरे झालेल्या शाळांतली सुमारे निम्मी मुले परिच्छेद किंवा गोष्ट वाचू लागली. शिबिरे न झालेल्या शाळांत हे प्रमाण जवळपास चौथाईच राहिले. सर्वात जास्त यश सर्वात मागासलेल्या शाळांत आले, हे वरवर उलटे वाटते. पण जिथे आधी काहीच चालत नव्हते तिथे पन्नास दिवसांची शिकवणी उठून दिसणारच.

राबवणारा कोण, यावर किती अवलंबून असते याचा दाखला केनियातूनही मिळतो. तिथे कंत्राटी शिक्षक नेमण्याचा एक उपक्रम चाचणीसाठी काही शाळांत स्वयंसेवी संस्थेने चालवला आणि काही शाळांत सरकारने. शिक्षक तसेच, पगार तसाच. संस्थेच्या शाळांत मुलांचे गुण वाढले, सरकारच्या शाळांत वाढले नाहीत. पगार उशिरा मिळणे, शिक्षक संघटनेचा विरोध, नेमणुकीतली वशिलेबाजी ही कारणे तिकडची असली तरी आपल्याला परकी वाटू नयेत. लहान प्रमाणावर संस्थेने यशस्वी केलेली योजना सरकारने मोठ्या प्रमाणावर घेतली की ती तीच योजना राहते का, हा प्रश्न कोणी आधी विचारत नाही.

आतापर्यंत राबवण्याविषयी लिहिले. पण नीट राबवूनही योजना फसू शकते, आणि ते जास्त फसवे असते. तामिळनाडूत १९८० साली जागतिक बँकेच्या मदतीने मुलांच्या पोषणाचा कार्यक्रम सुरू झाला. गावातलीच एक बाई कार्यकर्ती, मुलांची नियमित वजने, वजन घसरलेल्या मुलाला पूरक आहार आणि आईला खाण्यापिण्याचे शिक्षण. कार्यक्रमाचे नाव झाले. तोच नमुना पुढे १९९५ पासून बांगलादेशात नेला, आणि तिथे अपेक्षित परिणाम दिसला नाही. आयांना शिकवले गेले होते, त्यांना समजलेही होते. पण तिथल्या पुष्कळ घरांत बाजारहाट पुरुष करतात, आणि एकत्र कुटुंबात कोणाच्या पानात किती पडायचे हे सासूबाई ठरवतात. ज्ञान सुनेला दिले आणि डाव सासूच्या हातात! शिवाय काही घरांत मुलाला मिळालेला पूरक आहार रोजच्या जेवणाच्या ऐवजी दिला जाई, जेवणाखेरीज नव्हे. तामिळनाडूतला कार्यक्रम ज्या घरांसाठी आखला होता ती घरे वेगळी होती, एवढी साधी गोष्ट नकाशावर कुठे दिसत नव्हती. कार्यक्रम ढाक्याला नेता येतो, तामिळनाडूची घरे नेता येत नाहीत.

आता हे सगळे आमच्या सीमाभागात, गोव्यात, बडोदे-इंदूरकडे आणून पाहू. केंद्र सरकारने २०२१ साली ‘निपुण भारत’ सुरू केले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, आणि हे २०२६-२७ पर्यंत साधावे, असे ठरले. पातळीनुसार गट पाडून शिकवण्याची वरची पद्धतही आता अनेक राज्यांत वेगवेगळ्या नावांनी पोचली आहे. म्हणजे अहवाल येत राहणार, आणि जिल्ह्याजिल्ह्याची तुलना होत राहणार.

ही तुलना आमच्याकडे नुसत्या आकड्यांवर करता येणार नाही, कारण वाचनाची पातळी म्हणजे कोणत्या भाषेतली पातळी, हा प्रश्न सीतापूरपेक्षा इथे फार मोठा आहे. खानापूर किंवा निपाणीकडच्या घरात मराठी बोलणारी एखादी मुलगी कन्नड शाळेत बसते. गोव्यात घरी कोकणी बोलणारा मुलगा मराठी शाळेत जातो. बडोद्यात आजी मराठीत रागावते आणि बाई गुजरातीत. पाहणीचा कागद शाळेच्या भाषेत असला, तर मराठी गोष्ट घडाघडा वाचणारी मुलगीही कन्नड अक्षरांच्या गटात जाऊन बसेल. तिच्या शेजारी असेल तो मुलगा, ज्याला कोणत्याच लिपीतले अक्षर ओळखता येत नाही. कागदावर दोघांची पातळी एकच.

पण दोघांची गरज एक नाही. मुलीला कन्नड लिपी शिकायची आहे आणि शब्दसाठा वाढवायचा आहे. अक्षरे जोडून अर्थ लावण्याची कला तिला आधीच अवगत आहे. मुलाला ती कलाच शिकायची आहे. दहा दिवसांच्या शिबिरानंतर मुलगी पुढच्या गटात जाईल आणि मुलगा तिथेच राहील. अहवाल लिहिणारा म्हणेल, पन्नास टक्के यश. ज्या तालुक्यात पहिल्या प्रकारची मुले जास्त, तिथले शिबिर नावाजले जाईल आणि दुसऱ्या तालुक्यातल्या कार्यकर्तीला कारणे दाखवा नोटीस मिळेल, तिने कष्ट दुप्पट केले असले तरी. उलटही घडते. मुलाच्या घरची बोली न समजणारा शिक्षक आला, मुलाला प्रश्नच कळला नाही म्हणून ते गप्प राहिले, तर ‘पद्धत निष्फळ’ अशी नोंद होईल. बालसखी त्याच वस्तीतली असे, मुलांच्याच भाषेत बोलत असे. तिच्या यशात याचा किती वाटा होता हे वेगळे मोजलेले आमच्या पाहण्यात नाही. थोडाथोडका नसावा असा आमचा तर्क आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. शाळांकडून जी प्रपत्रे भरून घेतली जातात, त्यांत मुलाच्या नावापुढे घरची भाषा आणि तिला वाचता येणारी लिपी असे दोन रकाने ठेवावेत. आणि शाळेच्या नावापुढे, वाचनाचा राखीव तास महिन्यात किती दिवस खरोखर भरला, त्या वेळी शिक्षक दुसऱ्या कामावर किती दिवस होते, याचा रकाना. शिक्षक नाराज होतील, कारण रकान्यांनी ते आधीच बेजार आहेत. त्यासाठी जुने चार रकाने खुशाल काढून टाकावेत. कोणते काढायचे ते कोणत्याही शाळेतले गुरुजी पाच मिनिटांत सांगतील.